ती सीडी कुठे आहे?

२०१७ सालचा हिवाळा. गुलाबी बोंडअळीने वऱ्हाडातली कपाशी पोखरून टाकली होती. एका गावी मारुतीच्या पारावर बैठक चालू होती आणि नुकसानीचे अर्ज कसे भरायचे ते आम्ही समजावून सांगत होतो. मागे बसलेले एक म्हातारे बाबा उठले आणि म्हणाले, "भाऊ, बारा वर्सं झाली असतीन, तुम्ही याच पारावर आमाले सीडी दाखवली होती. थे सीडी कुठी हाय आता? मले पुन्हा एकडाव पाह्याची हाय."

बैठक हसली. आम्हाला हसता आले नाही.

बाबांचे म्हणणे खरे होते. आमच्या हाती शेतकीची पदवी पडली तेव्हा बीटी कपाशीचे नवे दिवस होते. २००२ साली बीटीला परवानगी मिळाली आणि पुढच्या दोन-तीन हंगामांत बियाण्यांच्या गाड्या गावोगाव फिरू लागल्या. त्यातल्या एका गाडीत आम्हीही दोन हंगाम बसलो. पांढरा पडदा, जनरेटर, कर्णा आणि शेवटी चहा. फिल्ममध्ये हिरवी बोंडअळी पाते कुरतडायची आणि मरून पडायची. शेतकरी फवारणीचा पंप खुंटीला टांगायचा, कारभारीण नवे लुगडे नेसून हसायची. हिरव्या अळीपुरते हे पहिली काही वर्षे खरेही होते. पण गुलाबी अळीचा त्यात उल्लेख नव्हता. बियाण्याच्या पाकिटाबरोबर नॉन-बीटीची जी १२० ग्रॅमची पुडी येत होती ती कशासाठी, हेही त्यात धड नव्हते. कुणी विचारलेच तर आम्ही "कंपनीला विचारून सांगतो" म्हणायचो आणि पुढच्या गावाला निघायचो.

ती सीडी आमच्याजवळ नाही. ज्या कंपनीची होती ती तरी कशाला ठेवील? तालुक्याच्या ग्रंथालयात नाही, जिल्ह्याच्या ग्रंथालयात नाही. शेतकऱ्याला जे सांगितले गेले, जे पाहून त्याने कर्ज काढून बियाणे घेतले, त्याचा एक तुकडाही या राज्यातल्या कुठल्या सार्वजनिक कपाटात सापडायचा नाही. पुस्तकात काही चुकीचे छापले तर पन्नास वर्षांनी ते काढून लेखकाच्या तोंडावर फेकता येते. पडद्यावर जे दाखवले ते चहाच्या कपाबरोबर गेले.

म्हणून या अंकात आम्ही ग्रंथालयांबद्दल लिहीत आहोत. कापसाच्या भावाचे सोडून हे काय काढले, असे कुणी म्हणेल. त्याने शेवटपर्यंत वाचावे आणि मग जिल्हा मेळाव्यात आमच्याशी भांडावे.

आमची मागणी साधी आहे. सार्वजनिक ग्रंथालय जसे पुस्तक घरी देते तशी त्याने शाळेला, ग्रामसभेला, बचत गटाला, शेतकरी मंडळाला ज्ञानाची फिल्म द्यावी. नाव लिहून, सही घेऊन, परतीची तारीख टाकून. सोबत पडदा आणि यंत्रही द्यावे. हे नवे खूळ नाही. आपल्याच माणसाने ते शंभर वर्षांपूर्वी सुरू केले होते.

बडोद्याचे सयाजीराव महाराज मूळचे कवळाण्याचे. मालेगाव तालुक्यातले कवळाणे, पावसावरची शेती, शेतकऱ्याच्या घरातला गोपाळ. १८७५ साली दत्तक जाऊन तो राजा झाला, पण अडाणीपणाची किंमत काय असते हे विसरला नाही. १८९३ साली त्यांनी अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सगळ्या संस्थानाला लागू केले. पण सक्तीने वाचायला शिकलेला पोरगा पुढे वाचणार काय? म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला आणि ग्रंथालयांचे स्वतंत्र खातेच काढले. गावात ग्रंथालय काढायचे तर एक वाटा गावाचा, एक पंचायतीचा, एक सरकारचा. जिथे ग्रंथालय नाही तिथे लाकडी पेटीत पुस्तके भरून पाठवायची आणि पेटीच्या जाण्यायेण्याचा खर्च संस्थानाने सोसायचा.

आमच्या मुद्द्याची गोष्ट पुढे आहे. ज्याला अक्षर येत नाही त्याने काय करायचे, हा प्रश्न महाराजांच्या ग्रंथालय खात्याने टाळला नाही. त्याच खात्यात एक चित्रशिक्षणाची शाखा होती. तिच्याजवळ सिनेमाचे यंत्र, फिल्मा, जादूच्या कंदिलाच्या काचा आणि दोन डोळ्यांनी पाहायची उठावदार छायाचित्रे होती. ही शाखा गावांत फुकट खेळ करी. हे काम प्रचार खात्याकडे किंवा महसूल खात्याकडे दिले नव्हते, ते ग्रंथालय खात्याकडे होते. पुस्तक आणि पडदा यांचे कपाट एकच, हा विचार भारतीय बोलपट जन्मायच्या आधीचा आहे.

(त्याच अमरेलीच्या आणि शेजारच्या जिल्ह्यांतल्या कपाशीवर पुढे गुलाबी अळी बीटीला पचवून जिवंत राहू लागली. २०१० साली ते जाहीर झाले. आपल्याकडे ही गोष्ट पारावर पोचायला आणखी सात वर्षे आणि बुडालेला हंगाम लागला.)

पण बडोद्यातही फिल्म दाखवणारा सरकारचा माणूस होता. गावाने यंत्र आपल्या हाती घेतले नव्हते, त्याला तेव्हा एक अडचणही होती. सुरुवातीची सिनेमाची फीत नायट्रेटची असे. ती पेट घेतली की विझत नसे. अशी फीत शाळामास्तरच्या हाती कोण देणार? १९२३ साली अमेरिकेत १६ मिलिमीटरची न भडकणारी फीत निघाली. यंत्र लहान झाले, पत्र्याच्या ट्रंकेएवढे. ४०० फुटांचे एक रीळ म्हणजे अकरा मिनिटांचा बोलका खेळ. आता मास्तर, पाद्री, शेतकरी मंडळाचा चिटणीस, कुणीही ते चालवू शकत होता.

तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी मग हे काम अंगावर घेतले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला क्लीव्हलँडसारख्या शहरांत ग्रंथालयाचा फिल्म विभाग उभा राहिला. शाळा किंवा मंडळ आधी नाव नोंदवी, ठरल्या दिवशी डबा नेई, परत आणून देई. परत आलेली प्रत ग्रंथालयाचा माणूस हाताने उलगडून तपासायचा. कडेची भोके फाटली असली तर तो तुकडा कापून जोड द्यायचा, पुसायचा आणि पुढच्याला द्यायचा. प्रत्येक फिल्मची नोंद असे: कुणी काढली, कोणत्या साली, किती मिनिटांची, कुणासाठी.

फिल्म महाग होती. लहान गावच्या ग्रंथालयाला वर्षाला दोन-चार प्रतीसुद्धा परवडत नव्हत्या. यावर त्यांनी काढलेली तोड आपल्या भिशीसारखी आहे. १९४८ साली कार्नेगी निधीच्या मदतीने ओहायो आणि मिसुरी राज्यांत लहान ग्रंथालयांची साखळी बांधली गेली. प्रत्येकाने वर्गणी भरायची, सगळ्यांच्या पैशातून फिल्मा घ्यायच्या आणि गठ्ठे करून फिरवायचे. या महिन्यात एक गठ्ठा आपल्या गावी, पुढच्या महिन्यात तो शेजारच्या गावी, आपल्याकडे दुसरा. वर्गणी एका गठ्ठ्याएवढीही नाही आणि पाहायला सगळे गठ्ठे. मिसुरी हे शेतीचे राज्य आहे, तिच्या दक्षिण टोकाला कापूसही पिकतो. जे तिथल्या खेड्यांना १९४८ साली सुचले आणि जमले ते वाशीम, परभणी, यवतमाळला का जमू नये, याचे उत्तर आम्हाला कुणी दिलेले नाही.

अमेरिकेच्या सरकारने त्या काळात शेतीवर काही फिल्मा काढल्या होत्या. १९३६ साली मैदानी प्रदेशात नांगरट होऊन माती कशी उडाली त्यावर एक. पुढच्या वर्षी मिसिसिपी नदीवर 'द रिव्हर'. ही दुसरी आपल्या उपयोगाची. कापूस लावून लावून उताराची माती कशी धुपली, ती नदीत कशी उतरली आणि पूर कसे आले, हे तिच्यात दाखवले आहे. आमचे मत विचाराल तर बांधबंदिस्तीवरच्या दहा भाषणांपेक्षा अशी अर्ध्या तासाची फिल्म बरी. तीही सरकारीच होती आणि सरकारच्या धरणांची तारीफ करायला निघाली होती. पण तिची प्रत शाळेच्या कपाटात आली की मास्तर ती मध्येच थांबवून विचारू शकतो, "धरणाचे पाहिले. आता कापूसवाल्याच्या कर्जाचे यात काय आहे?" थांबवायचा हात कुणाचा, एवढाच फरक आहे. पण तो फार मोठा आहे.

कॅनडाने शेतकऱ्यांसाठी याहून पुढची मजल मारली. १९३९ साली तिथे राष्ट्रीय फिल्म मंडळ निघाले. १९४२ पासून त्याची माणसे यंत्र घेऊन खेड्यांतून फेऱ्या करू लागली. महिन्यातून एकदा, ठरलेल्या गावी, शाळेत नाहीतर चर्चच्या खोलीत. जिथे वीज नाही तिथे जनरेटर. युद्ध संपले, सरकारचा हात आखडला, तेव्हा गावांनी आपल्या फिल्म समित्या केल्या. फिल्मांचे डबे ग्रंथालयात ठेवले आणि यंत्र चालवायला आपली पोरे शिकवली. सरकारी गाडीतली फिल्म गावाच्या कपाटात गेली ती अशी.

त्याच कॅनडात १९४१ साली शेतकऱ्यांची रेडिओ मंडळे सुरू झाली. घरात बसून नुसते ऐकायचे नाही, दहा जणांनी एकत्र ऐकायचे, मग बोलायचे आणि काय ठरले ते लिहून परत कळवायचे. ती पद्धत आपल्याकडे कुठे आली माहीत आहे? पुण्याला. १९५६ साली आकाशवाणी आणि युनेस्को यांनी मराठी मुलुखातल्या पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत ती चालवून पाहिली. रेडिओपुढे गावकरी बसत, ऐकून झाल्यावर चर्चा करीत आणि प्रश्न लिहून पाठवीत. त्या गावांनी नीट अभ्यास केला, शंका विचारल्या, असे तेव्हाच्या अहवालात छापलेले आहे. म्हणजे शेतकऱ्याला समजत नाही ही सबब १९५६ सालीच निकालात निघाली होती. पुढे मंडळे देशभर वाढवली, पण पाठपुरावा राहिला नाही आणि ती वाळून गेली.

आता आपल्या सरकारने काय केले ते पाहा. १९४८ साली मुंबईला फिल्म्स डिव्हिजन निघाली. तिने हजारो माहितीपट काढले, त्यांत चांगलेही आहेत. ते दाखवायचे कुठे? थिएटरात, मुख्य पिक्चरच्या आधी, सक्तीने. परवान्याची अटच तशी होती आणि थिएटरवाल्याकडून त्याचा आकारही घेतला जाई. तालुक्याला पिक्चर पाहायला गेलेल्या शेतकऱ्याने आपल्या तिकिटातून त्या माहितीपटाचे पैसे भरले. पण तोच माहितीपट त्याच्या पोराच्या शाळेला हवा असेल तर मागायचा कुणाकडे? मोठ्या शहरांतल्या शाळांना दिल्लीच्या फिल्म भांडारातून फिल्मा मिळत. कोरडवाहू तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला त्या भांडाराचा पत्तासुद्धा ठाऊक नव्हता. २०२२ साली फिल्म्स डिव्हिजन दुसऱ्या महामंडळात विलीन झाली. गावच्या कपाटात तिचे एकही रीळ कधी आले नाही.

गावात आली ती गाडी. पंचवार्षिक योजनेच्या प्रचाराची गाडी, कुटुंब नियोजनाची गाडी, संकरित बियाण्याची गाडी. पहिली संकरित ज्वारी १९६४ साली निघाली. तिचे उतारे पडद्यावर जोरात दाखवले आणि उतारे खोटेही नव्हते. पण बुटक्या ज्वारीचा कडबा किती निघतो? बैल काय खाणार? दाणे भरताना पाऊस आला तर काळ्या पडलेल्या कणसाला कोण विचारणार? हे प्रश्न ज्वारीवाल्याला पहिल्या हंगामातच कळले. गाडीबरोबरच्या माणसाला विचारले तर तो म्हणायचा, मी फक्त मशीन चालवतो. आम्हीही तेच म्हणत होतो. गाडी गावात प्रश्न घ्यायला येत नाही, टाकून जायला येते. पूर्वी ती सरकारची होती, आता बियाणे, खत, औषध विकणाऱ्यांची आहे. पडदा तोच आहे, फक्त डिझेल भरणारा बदलला.

तरी पडद्याला आम्ही नावे ठेवत नाही. शेतकीत अशा गोष्टी आहेत की त्या डोळ्यांना दिसल्याशिवाय पटत नाहीत. गुलाबी अळीचेच घ्या. पतंग रात्री अंडी घालतो, आपण झोपलेले असतो. अळी निघते ती थोड्या वेळात बोंडात शिरते आणि भोक बुजून जाते. वरून बोंड हिरवेगार, आत सरकी पोखरलेली. शेतकरी म्हणतो, कपाशी फर्मास आहे. बोंड फुटते तेव्हा कवडी निघते. या अळीची लागण सुरुवातीला फक्त डोमकळीत दिसते, पाकळ्या न उमलता गुंतून बसलेल्या फुलात. ती डोमकळी ओळखायला पत्रक पुरत नाही. पतंगापासून कवडीपर्यंतचा महिनाभराचा प्रवास पडद्यावर सहा मिनिटांत दिसतो. हेक्टरी पाच कामगंध सापळे का लावायचे, सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले तर काय समजायचे, फरदड ठेवली तर पुढच्या हंगामाची अळी आपणच कशी पोसतो, हे ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिले त्याला कुणी फसवू शकत नाही.

आणि ती १२० ग्रॅमची पुडी. बहुतेकांनी ती बांधावर फेकली. आम्ही त्यांना दोष देत नाही, कारण ती वाटणाऱ्या आम्हीच कारण सांगितले नाही. कारण असे: बीटी खाऊनही जगलेली थोडी पतंगे असतात. आजूबाजूला साध्या कपाशीवर वाढलेली भरपूर पतंगे असली तर त्यांच्याशी संकर होऊन बीटी पचवणारी अवलाद वाढत नाही. साधी कपाशीच नसेल तर जगलेली जगलेल्यांशीच जुळतात आणि चार-सहा वर्षांत बीटी निकामी होते. दोन मिनिटांच्या चित्रात हे आठवीच्या पोराला कळते. पण हे चित्र बियाणे विकणाऱ्याच्या पडद्यावर का यावे? बियाणे विकायला त्याचा काही उपयोग नव्हता.

२०१७ च्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर मेले. डोक्याच्या वर गेलेली कपाशी, दमट हवा, दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली, तोंडाला नुसता रुमाल. वाऱ्याकडे पाठ करून कशी फवारणी करायची, औषध कालवताना कोणती काळजी घ्यायची, कोणत्या लक्षणाला ताबडतोब दवाखाना गाठायचा, एवढी एक फिल्म जूनमध्ये गावोगाव शाळेच्या भिंतीवर दिसली असती तर? सगळे वाचले असते असे आम्ही म्हणणार नाही. काही नक्की वाचले असते.

यावर लोक जी उत्तरे देतात ती आम्हाला पाठ आहेत.

पहिले उत्तर: आता मोबाईल आहे, सगळे फोनवर मिळते. मिळते, खरे आहे. आम्हीही पाहतो. पण फोनवर पहिल्यांदा काय येते? ज्याने पैसे टाकले त्याचे. तीन वर्षे जुना सल्ला आजचा म्हणून येतो. गुजरातच्या काळ्या जमिनीचा सल्ला आपल्या मुरमाड रानाला दिला जातो आणि बोलणाऱ्याच्या हातातली बाटली कुणाची हे सांगितले जात नाही. आज दिसलेली फीत उद्या काढून टाकलेली असते. म्हणजे पुन्हा तेच, ती सीडी कुठे आहे? शिवाय फोन एकटा माणूस पाहतो. घरातल्या बाईला फोन मिळतो तो मुलांचे आणि मालकाचे झाल्यावर, आणि निंदणी-वेचणी तर तीच करते. डोमकळी तिला आधी दिसणार. पंचवीस बाया शाळेत बसून फिल्म पाहतात तेव्हा एक तरी म्हणते, "हे आपल्या वावरात असं नाही होत." ती म्हणाली की चर्चा सुरू होते. फोनपुढे ती कुणाला म्हणणार?

दुसरे उत्तर ग्रंथालयाचे. गेल्या पावसाळ्यात एका जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी तालुक्याच्या ग्रंथालयात गेले. बोंडअळीवरची फिल्म आणि पडदा आठवड्यासाठी मिळेल का, असे त्यांनी विचारले. तिथले बाबू म्हणाले, "गुरुजी, हे ग्रंथालय आहे, टॉकीज नाही." गुरुजी परत आले. पंधरा दिवसांनी औषधाच्या कंपनीची गाडी आली आणि तिने शाळेच्याच भिंतीवर आपला खेळ केला. गुरुजींनी विजेचे कनेक्शन दिले. करणार काय?

त्या बाबूला आम्ही वाईट म्हणत नाही. त्याचा पगार काय आहे आणि तो किती महिन्यांनी होतो हे आम्हाला ठाऊक आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. मद्रास राज्याने १९४८ सालीच ग्रंथालयासाठी कर बसवला होता. आपण कर बसवला नाही. आपण अनुदान ठेवले आणि अ, ब, क, ड असे वर्ग पाडले. राज्यात अशी अकरा-बारा हजार ग्रंथालये आहेत. कागदावर पाहिले तर जगात हेवा करावा असे जाळे आहे. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी दोन वर्तमानपत्रे, धूळ बसलेल्या कादंबऱ्या आणि कुलूप. २०१२ साली राज्यभर पडताळणी झाली तेव्हा किती ठिकाणी काय निघाले ते सगळ्यांनी वाचले. ज्या ग्रंथालयात शेतकऱ्याच्या कामाचे काही नाही तिथे शेतकरी पाय ठेवत नाही. तो येत नाही म्हणून अनुदान वाढवायला कुणी भांडत नाही, आणि अनुदान नाही म्हणून त्याच्या कामाचे काही येत नाही. हे चक्र फिरतच राहते. ते पुस्तकाने तुटले नाही, कदाचित पडद्याने तुटेल.

तिसरे उत्तर पैशाचे. पूर्वी एक प्रत म्हणजे रीळ होते, ते घासून झिजायचे. आज फिल्मची नक्कल करायला काही लागत नाही. पेनड्राइव्हवर शंभर मावतात. अकोल्याचे आणि परभणीचे कृषी विद्यापीठ, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, ही सगळी आपल्या पैशावर चालतात. त्यांनी काढलेल्या फिल्मा आपल्या आहेत. त्यांची प्रत प्रत्येक तालुक्याच्या ग्रंथालयात ठेवायला कुणाच्या बापाचे काय जाते? खर्च आहे तो यंत्राचा, पडद्याचा आणि कर्ण्याचा. तिथे मिसुरीची भिशी करा. तालुक्यातल्या बारा ग्रंथालयांनी मिळून तीन संच घ्यावेत आणि फिरवावेत. प्रत्येक ग्रंथालयाने दोन-दोन विषय जमवले तरी वर्षात प्रत्येक गावाला चोवीस विषय पाहायला मिळतात. नुसती शेतीच कशाला, शाळेच्या पोरांना हृदय कसे चालते, ग्रहण कसे लागते, हेही त्यात आले.

एका गोष्टीवर मात्र आम्ही अडून बसणार. फिल्मबरोबर नोंद हवी: कुणी काढली, कोणत्या साली, पैसे कुणाचे. कंपनीची फिल्म ठेवू नका असे आम्ही म्हणत नाही. ठेवा, पण डब्यावर तिचे नाव आणि साल ठळक लिहून ठेवा. आणि जुनी फिल्म फेकू नका. "हा सल्ला आता चालत नाही" अशी चिठ्ठी लावून तिला कपाटात राहू द्या. २००५ साली काय दाखवले आणि २०१७ साली काय झाले हे शेजारी-शेजारी पाहायचा हक्क त्या बाबांना आहे. नव्या बियाण्याची पुढची गाडी येईल तेव्हा त्यांच्या नातवाला तो हक्क आणखीच लागेल.

जिल्हा मेळाव्यात दुपारच्या सत्रात हा ठराव मांडायचा आहे. येताना प्रत्येकाने तीन गोष्टी लिहून आणाव्यात: आपल्या गावचे किंवा जवळचे ग्रंथालय कोणत्या वर्गाचे, ते आठवड्यातून किती दिवस उघडे असते आणि शाळेत पडदा लावण्याजोगी खोली व वीज आहे की नाही. बायांनी जरूर यावे, त्यांच्याशिवाय हा ठराव आम्ही मांडणार नाही. ज्यांच्या घरी बियाण्याच्या, औषधाच्या जुन्या सीड्या माळ्यावर पडल्या असतील त्यांनी त्याही घेऊन याव्यात. चालतात की नाही ते आम्ही पाहू.